गुऱ्हाळ ते साखर कारखाना : सातारा-सांगली परिसरातील मिश्रण-विलगीकरणाच्या भौतिक पद्धतींचा इतिहास

प्रस्तावना :

मिश्रणातील घटक वेगळे करण्याच्या भौतिक पद्धती हा शालेय रसायनशास्त्रातील अगदी आरंभीचा पाठ आहे. गाळणे, निवळणे, बाष्पीभवन, स्फटिकीकरण, अपकेंद्री पद्धत आणि ऊर्ध्वपातन ही नावे विद्यार्थी पाठ करतो आणि मीठ-पाणी किंवा वाळू-पाणी यांचे प्रयोग करून पुढच्या पाठाकडे वळतो. या पद्धतींमध्ये पदार्थाचे रासायनिक स्वरूप बदलत नाही. कणांचा आकार, घनता, विद्राव्यता, उत्कलनबिंदू अशा भौतिक गुणधर्मांतील फरकाचा उपयोग करून एक घटक दुसऱ्यापासून दूर केला जातो. तथापि कृष्णाकाठच्या शेतकऱ्याने हा सारा पाठ पुस्तकाशिवाय, पिढ्यान्पिढ्या गुऱ्हाळावर गिरविला आहे. त्याच्या घरचे वर्षाचे अर्थकारण याच पाठावर अवलंबून राहिले आहे.

ऊस हे निसर्गाने सिद्ध केलेले एक मिश्रण आहे. त्यात सुमारे ७० टक्के पाणी, १२ ते १५ टक्के तंतू आणि साधारणतः तेवढीच साखर असते. त्याशिवाय अन्य शर्करा, क्षार, मेणचट व डिंकासारखे पदार्थ आणि माती असते. या मिश्रणातून गोडवा वेगळा कसा काढावयाचा, हा प्रश्न जितका तांत्रिक आहे तितकाच सामाजिकही आहे. विलगीकरणाचे साधन कोणाच्या हाती आहे आणि ते नीट झाले की नाही हे कोण पाहू शकतो, या दोन बाबींवर उसाचे मोल ठरत आले आहे. प्रस्तुत शोधनिबंधात सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१) गुऱ्हाळातील विलगीकरणाच्या पारंपरिक पद्धतींचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) लोखंडी चरकापासून सहकारी साखर कारखान्यापर्यंत झालेल्या स्थित्यंतराचा आढावा घेणे.
३) विलगीकरणाची पद्धत बदलल्याने शेतकऱ्याच्या पारखीवर व त्याला मिळणाऱ्या मोबदल्यावर झालेला परिणाम तपासणे.

भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी :

सातारा आणि सांगली हे आज दोन स्वतंत्र जिल्हे असले तरी त्यांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि परिसरातील विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला. १९६० मध्ये त्यालाच सांगली हे नाव देण्यात आले. कृष्णा, कोयना, वारणा आणि येरळा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन उसाला मानवणारी आहे. कराडजवळ खोडशी येथे कृष्णेवर बांधलेल्या बंधाऱ्यातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कालवा काढण्यात आला आणि नदीकाठच्या गावांना बागायतीचा आधार मिळाला. विहिरीवरील मोटेच्या पाण्यावर ऊस पूर्वीही होत असे. पाणी वाढले तसे उसाचे क्षेत्र वाढले आणि ऊस वाढला तशी तो वेळेत गाळण्याची निकड वाढली. तोडलेला ऊस ठेवता येत नाही. त्यातील साखरेचे विघटन होऊन ती स्फटिकरूपात मिळेनाशी होते. म्हणून उसाच्या शेतीला विलगीकरणाचे साधन शेताजवळच हवे असते.

गुऱ्हाळ : डोळ्यांदेखतचे विलगीकरण

गुऱ्हाळातील पहिली पायरी म्हणजे उसातून रस वेगळा करणे. त्यासाठी पूर्वी लाकडी घाणा वापरीत. दाब देऊन द्रव बाहेर काढणे आणि तंतुमय चिपाड मागे ठेवणे हे शुद्ध भौतिक कार्य होय. रस कापडातून किंवा जाळीतून गाळला म्हणजे चिपाडाचे तुकडे दूर होतात व काही काळ स्थिर ठेवला म्हणजे माती तळाशी बसते. येथे गाळणे आणि निवळणे या दोन्ही पद्धती एकापाठोपाठ येतात.

त्यानंतर रस काहिलीत घालून चुलवाणावर तापविला जातो. भेंडीची खोडे ठेचून त्यांचा बुळबुळीत रस त्यात मिसळतात. तापलेल्या रसातील तरंगते सूक्ष्म कण या चिकट द्रवात अडकतात, त्यांचा साका होतो आणि तो हलका असल्याने पृष्ठभागावर येतो. ही मळी झाऱ्याने वरचेवर काढून टाकतात. चुन्याची निवळी घातली म्हणजे रसातील आम्लता कमी होते. ही पायरी मात्र रासायनिक आहे हे नमूद केले पाहिजे. विलगीकरणाच्या प्रत्यक्ष व्यवहारात भौतिक व रासायनिक यांची सीमा पुस्तकाइतकी रेखीव राहत नाही.

शेवटची पायरी बाष्पीभवनाची. चिपाडे वाळवून तीच जळण म्हणून वापरली जातात. त्यामुळे उसाचा एक घटक दुसऱ्याला वेगळा करण्यासाठी खर्ची पडतो. पाक सुमारे ११८ अंश सेल्सिअस तापमानाला आला की काहील उतरविण्याची वेळ होते. गुळव्याजवळ तापमापक नसे. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी होते का, हे तो पाही. फेसाचा रंग, बुडबुड्यांचा आकार आणि उलथन्यावरून ओघळणारी तार यांवरून तो निर्णय घेई. थोडी घाई झाली तर गूळ पातळ राहतो आणि थोडा उशीर झाला तर करपून काळा पडतो. एका आधणाची किंमत त्या काही क्षणांवर अवलंबून असे.

या पद्धतीची दोन वैशिष्ट्ये लक्षात घेण्यासारखी आहेत. पहिले म्हणजे गूळ हे अपुऱ्या विलगीकरणाचे फळ आहे. पाणी, तंतू व मळी काढली जाते, परंतु साखरेबरोबरचे अन्य विद्राव्य घटक तसेच राहतात आणि गुळाची चव व रंग त्यांचाच असतो. दुसरे म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याचा रस स्वतंत्रपणे शिजतो. ऊस कोणाचा, आधणे किती निघाली, गूळ कसा उतरला, हे सारे मालकाच्या डोळ्यांसमोर घडते. बाजारातील दर व अडत्याचा व्यवहार हे त्याच्या हाताबाहेरचे असले तरी विलगीकरणाचा हिशेब त्याच्यापुढे उघडा असतो.

लोखंडी चरक आणि किर्लोस्करवाडी :

लाकडी घाण्यात रस पुरता निघत नसे आणि चिपाडात राहिलेला गोडवा जळणात जाई. हे नुकसान कमी करण्याचे साधन याच परिसरात तयार झाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांनी बेळगाव येथे सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार केले. बेळगाव येथील जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानच्या अधिपतींनी त्यांना कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ माळरानाची जमीन दिली आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. हे ठिकाण आज सांगली जिल्ह्यात आहे. नांगराबरोबरच उसाचे लोखंडी चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पंप तेथे तयार होऊ लागले.

मिश्रण-विलगीकरणाच्या दृष्टीने या यादीकडे पाहिले असता एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. चरक उसातून रस वेगळा करतो आणि शेंगा फोडण्याचे यंत्र टरफलातून दाणा मोकळा करते. शेतमालातील उपयुक्त घटक कमी श्रमात व कमी नासाडीने वेगळा करणे हा या दोन्ही यंत्रांचा हेतू होता. लोखंडी चरकाने रसाचे प्रमाण वाढले, मात्र विलगीकरणाचे स्थान बदलले नाही. चरक शेतातच राहिला, प्रथम बैलांनी व पुढे तेलाच्या इंजिनाने फिरू लागला. यंत्र आले, पण पारख गुळव्याची व देखरेख शेतकऱ्याचीच राहिली.

पांढऱ्या साखरेचे तंत्र :

गुळाकडून पांढऱ्या साखरेकडे जाण्यासाठी विलगीकरणाची आणखी एक पायरी आवश्यक होती. ती म्हणजे साखरेचे स्फटिक त्यांच्याभोवतीच्या चिकट मळीपासून सोडविणे. उत्तर भारतातील खांडसरी उद्योगात राबेतील पातळ भाग निथळू देऊन वर ओले पाणशेवाळ पसरीत. शेवाळातील पाणी हळूहळू झिरपून स्फटिक धुतले जात. ही पद्धत परिणामकारक असली तरी वेळखाऊ होती.

एकोणिसाव्या शतकातील तीन शोधांनी हे चित्र पालटले. इंग्लंडमध्ये एडवर्ड हॉवर्ड यांनी १८१३ मध्ये निर्वात पात्राचे एकस्व घेतले. हवेचा दाब कमी केला असता पाक कमी तापमानाला उकळतो व साखर करपत नाही, हे त्यामागील तत्त्व होय. अमेरिकेतील नॉर्बर्ट रिल्यू यांनी १८४० च्या दशकात एका पात्रातील वाफेनेच पुढील पात्र तापविण्याची बहुपात्री बाष्पीभवनाची रचना सिद्ध केली व इंधनाची मोठी बचत साधली. हवाई बेटांवर डेव्हिड वेस्टन यांनी १८५० च्या दशकात साखरेसाठी सुधारित अपकेंद्री यंत्र तयार केले. जाळीदार भांडे वेगाने फिरविले असता मळी जाळीतून बाहेर फेकली जाते व स्फटिक आत राहतात. शेवाळाखाली अनेक दिवस चालणारे काम त्यामुळे काही मिनिटांवर आले.

भारतात या तंत्राचा मोठा प्रसार १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाल्यानंतर झाला. तत्कालीन फलटण संस्थानात, म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्यात, त्याच दशकात खासगी साखर कारखाना उभा राहिला. त्याच्या भोवतीची वस्ती साखरवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली. येथे प्रथमच या परिसरातील ऊस शेतापासून दूर, बंद पात्रांत व प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली विलग होऊ लागला.

सहकारी कारखाने व मालकीचा प्रश्न :

१९५० मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत कृष्णाकाठी या चळवळीने खोल मूळ धरले. सांगली येथे वसंतदादा पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कराड तालुक्यात रेठरे बुद्रुक येथील कृष्णा आणि यशवंतनगर येथील सह्याद्री, वाळवा तालुक्यात साखराळे येथील राजारामबापू पाटील यांच्या प्रेरणेने उभा राहिलेला कारखाना, ही त्याची प्रमुख उदाहरणे होत.

सहकाराचे आर्थिक व राजकीय मूल्यमापन विपुल झाले आहे. विलगीकरणाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोरून गेलेली प्रक्रिया मालकीहक्काने त्याच्याकडे परत आणण्याचा हा प्रयत्न होता. काहील त्याला दिसणार नव्हती, पण कारखाना त्याचा असणार होता. या कारखान्यांत उसावर गरम पाणी मारून चिपाडातील राहिलेली साखर धुऊन घेतली जाते. रस तापवून, चुना व गंधकाच्या धुराची प्रक्रिया करून मोठ्या टाक्यांत निवळविला जातो. गाळ फिरत्या गाळणीवर वेगळा होतो, नितळ रस बहुपात्री यंत्रणेत आटविला जातो, निर्वात पात्रात स्फटिक वाढविले जातात आणि अपकेंद्री यंत्रात मळी झाडली जाते. गुऱ्हाळातील प्रत्येक पायरी येथे आहे, फक्त तिचा आकार वाढला आहे आणि ती पोलादाच्या आत गेली आहे.

विलग झालेल्या अन्य घटकांनाही मोल आले. उसाच्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्के चिपाड, ३ ते ४ टक्के गाळ आणि ४ ते ५ टक्के मळी निघते. चिपाडापासून वाफ व वीज, गाळापासून खत आणि मळी आंबवून ऊर्ध्वपातनाने मद्यार्क मिळतो. येथे भाषेतील एक बदलही नोंदविण्याजोगा आहे. गुऱ्हाळात मळी म्हणजे काढून टाकावयाचा फेस, तर कारखान्यात मळी म्हणजे विकावयाचा माल. तोच शब्द टाकाऊकडून टिकाऊकडे सरकला. अशा ऊर्ध्वपातनाचे लहान प्रमाणावरील रूपही याच भागात अजमावण्यात आले. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये फलटण येथे स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात गोड ज्वारीच्या रसापासून मद्यार्क तयार करून तो सूर्याच्या उष्णतेने ऊर्ध्वपातित करण्याचे प्रयोग झाले. विलगीकरण पुन्हा शेताजवळ आणता येईल काय, हा प्रश्न त्या प्रयोगांमागे होता.

उतारा : विलगीकरणाचा आकडा

गुऱ्हाळातील पारखीची जागा कारखान्यात एका आकड्याने घेतली. त्याला उतारा म्हणतात. १०० किलो उसापासून किती किलो साखर प्रत्यक्ष वेगळी झाली, ते प्रमाण म्हणजे उतारा. सातारा-सांगली परिसरात तो सर्वसाधारणपणे ११ ते १२ टक्क्यांच्या आसपास राहतो आणि देशातील चांगल्या उताऱ्यांत त्याची गणना होते. उतारा केवळ उसाच्या गोडीवर अवलंबून नसतो. उसाची जात, तोडणीची वेळ, तोडणी व गाळप यांतील अंतर, चरकाची कार्यक्षमता, चिपाडात, गाळात व मळीत राहून गेलेली साखर, हे सारे त्या एका आकड्यात सामावते. वाळवा येथे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी उभारलेला हुतात्मा किसन अहिर सहकारी साखर कारखाना उच्च उतारा व चांगला ऊसदर यांसाठी दीर्घकाळ ओळखला गेला. या दोन गोष्टी एकत्र का येतात, हे वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावे.

उताऱ्याला कायद्याने पैशाशी जोडले आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशान्वये उसाची किमान किंमत उताऱ्याशी निगडित राहिली. २००९ मध्ये तिच्या जागी रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, आला. प्रारंभी मूळ उतारा ९.५ टक्के होता. तो २०१८-१९ च्या हंगामात १० टक्के व २०२२-२३ मध्ये १०.२५ टक्के करण्यात आला. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३५५० रुपये दर ठरला असून त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढतात. अर्ध्या टक्क्याचा फरक म्हणजे टनामागे १७३ रुपये. ८० टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याच्या बाबतीत ही रक्कम १३,८४० रुपये होते. मुलाच्या वर्षाच्या शिक्षणाचा किंवा पुढील हंगामातील खताचा प्रश्न अशा रकमेवर सुटतो किंवा अडतो.

येथेच गुऱ्हाळ व कारखाना यांतील मूलभूत फरक प्रकट होतो. कारखान्यात विलगीकरण होण्यापूर्वी एक मोठे मिश्रण होते. हजारो शेतांतील ऊस एकाच गव्हाणीत पडतो आणि सर्वांना एकच सरासरी उतारा लागू होतो. काळजीपूर्वक पिकविलेला गोड ऊस आणि तोडणीनंतर अनेक दिवस पडून राहिलेला ऊस यांचा हिशेब एकत्र होतो. शिवाय तो आकडा प्रयोगशाळेतून येतो. शेतकऱ्याने त्यावर विश्वास ठेवावयाचा असतो. या परिसरातील ऊसदर आंदोलनांत वजनकाटा व उतारा यांच्या पारदर्शकतेची मागणी वारंवार पुढे आली, तिचे मूळ येथे आहे.

२०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर या प्रश्नाला नवे वळण मिळाले. उसाच्या रसापासून किंवा साखर अधिक असलेल्या ‘बी हेवी’ मळीपासून इथेनॉल करण्यास वाव मिळाला. आता काही साखर हेतुपुरस्सर वेगळी केली जात नाही. ती मळीतच ठेवून आंबविली जाते. परिणामी प्रत्यक्ष उतारा घटतो आणि ती घट हिशेबाने भरून काढावी लागते. विलगीकरण अपुरे झाले म्हणून नव्हे, तर ते अर्ध्यावर थांबविले म्हणून आकडा कमी येतो, हा भेद सामान्य सभासदाला समजणे सोपे नाही. उतारा कोणत्या हंगामाचा धरावयाचा, हाही वाद झाला. फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयाने पहिल्या हप्त्यासाठी पुणे व नाशिक महसूल विभागांत १० टक्के उतारा गृहीत धरून अंतिम हिशेब चालू हंगामाच्या उताऱ्यावर करण्याची तरतूद केली होती. सातारा व सांगली हे पुणे विभागातच मोडतात. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द ठरविला. गुळव्याच्या उलथन्यावर निकालात निघणारा प्रश्न अशा रीतीने न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचला.

निष्कर्ष :

१) सातारा-सांगली परिसरातील गुऱ्हाळात दाबून रस काढणे, गाळणे, निवळणे, साका काढणे व बाष्पीभवन या भौतिक पद्धती अनुभवसिद्ध स्वरूपात प्रचलित होत्या.
२) लोखंडी चरकाने विलगीकरणाची कार्यक्षमता वाढविली, परंतु शेतकऱ्याची त्यावरील देखरेख कायम ठेवली.
३) साखर कारखान्याने निर्वात पात्र व अपकेंद्री यंत्र यांच्या साहाय्याने विलगीकरण पूर्णतेकडे नेले, मात्र ते शेतकऱ्याच्या नजरेआड गेले.
४) सहकाराने मालकी दिली, तरी पारखीची जागा उताऱ्याच्या आकड्याने घेतली. तो आकडा समजण्याचे व तपासण्याचे साधन सभासदाच्या हाती पुरेसे आले नाही.

समारोप :

गाळणे आणि निवळणे हे शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात एका पानावर संपणारे विषय आहेत. कृष्णाकाठी मात्र त्यांनी गावांची रचना, सत्तेची केंद्रे आणि घराघरांचा जमाखर्च घडविला. गुऱ्हाळाकडे परत जाणे हा या प्रश्नाचा मार्ग नव्हे. लाखो टन ऊस काहिलीत आटविता येणार नाही. परंतु गुऱ्हाळात शेतकऱ्याला जे दिसत होते ते कारखान्यातही दिसले पाहिजे, ही अपेक्षा वाजवी आहे. या भागातील शाळा-महाविद्यालयांनी मीठ-पाण्याबरोबरच उसाच्या रसाचा प्रयोग शिकविला आणि उतारा कसा मोजतात हे विद्यार्थ्यांना करून दाखविले, तर त्यांतील अनेक जण उद्या कारखान्याच्या वार्षिक सभेत योग्य प्रश्न विचारू शकतील. मिश्रण वेगळे करण्याचे ज्ञान ज्याच्याजवळ असते, त्यालाच आपला वाटा नेमका किती, हे सांगता येते.